एकाच पुठ्ठ्यातली दोन युद्धं

युद्ध आणि स्थलांतर, दोन्ही तरुण माणसाचं घर कायमचं हिरावून घेतात. हे वाक्य माझ्या शोधनिबंधात आहे आणि इथे लीड्सच्या सेमिनारमध्ये त्यावर बऱ्याच माना डोलल्या होत्या. मी स्वतः पाटोदा सोडलं तेव्हा एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली होती. आबा खालून म्हणाले, "आधी जागा धर, मंग रड." जागा धरण्याच्या नादात रडायचं राहून गेलं. गाडी हलायच्या आधी थोरली बहीण, आक्का, खिडकीशी आली. "तिकडं पुढला भाग भेटला तर घिऊन ये."

हा पुढला भाग आम्ही दोघांनी वाचलेल्या एका युद्धकादंबरीचा. पाटोद्याच्या ग्रंथालयातल्या त्या मराठी अनुवादाला मुखपृष्ठ नव्हतं, नाव नव्हतं. पहिल्या भागात शेतावरचा एक पोरगा आघाडीवर जातो आणि खंदकात बसून घर विसरायला शिकतो. दुसऱ्या भागात एक मुलगी गावात कुणाची तरी वाट बघते. ज्याची बघते त्याचं नाव ती कधीच घेत नाही, नुसतं 'तो' म्हणते. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गल्लीतली कोणती बाई नवऱ्याचं नाव घेत होती? तो म्हणजे खंदकातला पोरगा आणि ती त्याची बायको, हे आम्ही ठरवून टाकलं. तो परत कधी येतो, एवढंच कळायचं राहिलं होतं. पुढे आक्काचं लग्न झालं, ती चकलांब्याला गेली, तरी माहेरी आली की तेच विचारायची.

लीड्सला एका सेमिनारमध्ये दोन अभिजात कादंबऱ्यांची तुलना होती. पहिलीचं पहिलं पान कुणीतरी मोठ्याने वाचलं. शेतात बटाट्याची काढणी चालली होती. हा आमचाच पोरगा होता. दोन आठवड्यांनी दुसरीत ती मुलगीही भेटली. कादंबऱ्या दोन, लेखक दोन, देशही दोन, आणि ते एकमेकांशी लढणारे. आमच्या ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं बांधणारे ख्वाजाचाचा उर्दू वाचायचे, मराठी नाही. दोन पुस्तकांचा आकार सारखा दिसला, त्यांनी एका पुठ्ठ्यात बांधून टाकली. पहिलीची शेवटची पानं आणि दुसरीची सुरुवातीची पानं आधीच गळून गेली होती.

विद्वानांचं म्हणणं असं की पहिलीत युद्ध म्हणजे आवाज आणि दुसरीत युद्ध म्हणजे उणीव: आधी रॉकेल संपतं, मग पुरुष, मग हसणं. मला ते पटतं. पण मला ती दोघं अजूनही वेगवेगळी वाचता येत नाहीत. तो विसरतो म्हणून तिला जास्त आठवावं लागतं, असंच वाटत राहतं. तुमच्यापैकी जे गेले आणि जे राहिले, त्यांना हे समजावून सांगायला नको.

गळालेल्या पानांत दोन गोष्टी होत्या. पोरगा शेवटच्या पानावर मरतो. आणि मुलगी वाट बघते ती तिच्या भावाची.

गेल्या दिवाळीला त्या शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि त्याखाली माझं भाषांतर खिशात घालून मी चकलांब्याला गेलो. आक्का तूर निवडत बसली होती. चाचांची करामत सांगितली तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग मी भावाचं सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला.

"मंग आला का तो?"

हात खिशातल्या कागदाकडे गेला होता. मी म्हणालो, त्याच्या आधीच पुस्तक संपतं. आणि मुलीच्या पुस्तकापुरतं ते खरंही होतं.

"म्हंजे यायलाय अजून," आक्का म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. मग मान वर न करता तिने विचारलं, उन्हाळ्यात यायला जमंल का तुला.

घर म्हणजे काय, यावर मी हल्ली बोलायचं टाळतो. जिथल्या प्रतीत तो पोरगा अजून मेलेला नाही ती जागा, एवढं म्हणता येईल. कागद मी परत लीड्सला आणला. पुस्तक पाटोद्याच्या ग्रंथालयातच आहे, 'शेतीविषयक' कपाटात, कारण पहिल्या पानावर बटाटे काढतात.