मोहाच्या फांदीवरील ऑर्किड आणि त्याच्या चिठ्ठीचा वाद

अर्जदार : प्रस्तुत लेखक, राहणार आर्वी, वय सत्तेचाळीस, शिक्षण मराठी सहावी अपूर्ण, धंदा तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणे. विषय : एक ऑर्किड. सुरुवात : आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्या आदल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी. साक्षीदार : लाकडे विकणारी गोंड बाई, शेतकी शाळेचे गुरुजी आणि माझी पत्नी. नावे तूर्त देत नाही. मागितल्यास तिघांनाही हजर करीन.

हकीकत अशी की, त्या दिवशी या बाईकडून घेतलेल्या मोळीतील मोहाच्या फांदीला एक रोप बिलगलेले होते. पाने जाड, पन्हळीसारखी, दोन ओळींत बसलेली. मुळे पांढरी, बोरूएवढी जाड. शेजारी म्हणाले, बांडगूळ आहे, चुलीत घाला. मी ते मानले नाही. बांडगूळ झाडाच्या आत घुसते. हे नुसते साल धरून होते. सहावी अपूर्ण असली तरी माझा मसुदा वकीलसुद्धा फिरवीत नाहीत, आणि ते निरीक्षणाच्याच बळावर.

मी ते सोडवून मडक्यात लावले. माती उत्तम काळी, जागा विहिरीजवळची सावली, पाणी दोन वेळा. पाडव्याच्या सुमारास मडके घेऊन वर्ध्याच्या शेतकी प्रदर्शनात गेलो. टेबलामागील गृहस्थांनी विचारले, "नाव?" मी माझे सांगितले.

"तुमचं नव्हे, झाडाचं. बिननावाचं झाड आम्ही मांडत नाही. आधी फूल आणा. फुलाशिवाय याची ओळख पटायची नाही."

फूल येईना. उलट खालची पाने काळी पडू लागली. पत्नी म्हणाली, "अहो, त्याच्यापक्षा वांगं लावलं असतं तं भाजी तं झाली असती!"

पावसाळ्यात तीच लाकूडवाली बाई अंगणात मोळी टाकून मडक्यापाशी थबकली.

"बाबू, हे काऊन पुरलं? जित्या झाडाले मूठमाती देली का?"

"बाई, ही कापसाची काळी माती आहे."

"मंग कापूस लावा तिच्यात! ह्याले काऊन छळता? हे झाडाच्या खांद्यावर राह्यते. मुळ्याले वारा लागते, सकाळचं ऊन लागते. उन्हाळ्यात पाहाजा, पिवळ्या फुलावर तपकिरी जाळी अन् जांभळी जीभ. आमच्या पोरी केसात घालतात."

तिने रोप उपटले, सडकी मुळे विळ्याने छाटली आणि मोहाच्या ओंडक्याला सुतळीने बांधले. मी तो ओंडका पूर्वेच्या ओसरीला टांगला.

त्यानंतरचे श्रम माझे, हे नमूद करणे भाग आहे. दहा वाजेपर्यंतचे ऊन द्यायचे, पुढे पोत्याचा पडदा सोडायचा. पाणी फक्त सकाळी, मुळे भिजतील इतकेच. थंडीत त्यातही हात आखडता. ही शिस्त मी एक दिवस मोडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात दांडा आला, त्यावर सात फुले उमलली, आणि ती बाईने सांगितली होती हुबेहूब तशीच : पिवळसर, तपकिरी जाळीची, जांभळ्या जिभेची. वासाने ओसरी भरली. वांग्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. शेतकी शाळेच्या गुरुजींनी जाड पुस्तक उघडून फूल चित्राशेजारी धरले आणि सांगितले, "हे व्हँडा जातीचं ऑर्किड." त्याच्या पुढच्या वर्षी ते पुन्हा फुलले, आणि यंदाही. सलग तीन उन्हाळे! आर्वीत असे दुसऱ्या कोणी केल्याचे मला ज्ञात नाही.

यंदा प्रदर्शनाने ते मानाने मांडले. चिठ्ठी मीच लिहून दिली : 'व्हँडा. ओळख पटवणार व फुलवणार', आणि पुढे माझे पूर्ण नाव. परत आल्यावर बाजारात ती बाई भेटली, तिला मी त्या चिठ्ठीची नक्कल अभिमानाने वाचून दाखवली.

"चांगलं लिवलं बाबू," ती म्हणाली. "पण कसं फूल येईन ते तुमाले कोनं सांगतलं होतं?"

वीस वर्षे मी पक्षकारांना बजावीत आलो आहे की ज्याची हकीकत, त्याचाच अंगठा उठतो. लिहिणाऱ्याने आपले नाव त्याच्या खाली घालायचे. आणि माझ्याच चिठ्ठीत मी ते पाळले नव्हते. पुस्तक उघडण्याआधी, दांडाही नव्हता तेव्हा, तिने फूल सांगितले होते. मी दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला गेलो. टेबलामागील गृहस्थ म्हणाले, "एका झाडाला एकच नाव. लाकूडवालीचं कशाला? तुमचं आहे ना, मग झालं!"

झाले नाही. सबब प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांस विनंती की, चिठ्ठी बदलून पहिल्या ओळीत 'ओळख पटवणार' म्हणून त्या बाईचे नाव (ते होकार येताच कळवीन) घालावे व दुसऱ्या ओळीत 'फुलवणार' म्हणून माझे. ते मात्र पूर्ण असावे. दोन्ही ओळी त्याच कागदावर बसतात, हे मी लिहून पाहिले आहे. होकार असो वा नकार, उत्तर लेखी व सहीनिशी मिळावे. तोंडी निरोप मी स्वीकारणार नाही.