बुलबुलाचं लाल बूड

ऐंशीच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जाहिरातीत सगळे रंग, पोटात स्मरणशक्ती एवढीशी. प्रत्येक ठिपक्याचा रंग लक्षात ठेवायला जागाच नव्हती, म्हणून पडद्याचे बारीक चौकोन पाडलेले आणि एका चौकोनात दोनच रंग, एक चित्राचा आणि एक मागचा. दोन बायकांचं स्वयंपाकघर ते. तिसरी शिरली की भांडण.

अशा यंत्रावरच्या खेळांची चित्रं ती काढायची. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायची, म्हणून सगळे तिला रंगारीण म्हणत. कंपनी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत प्रोग्राम लिहिणारे मालक, दुसरीत ती, टीव्ही आणि चौकटींचा कागद. नव्या खेळात बुलबुल फळं वेचणार होता आणि बोका त्याच्या मागे लागणार होता. रंगारणीनं बुलबुलाचं अंग काळं केलं आणि शेपटीखालचं लाल नेमकं एका चौकोनात बसवलं. बसलेला बुलबुल झकास दिसला. मालकांनी त्याला जरासा सरकवला मात्र, लाल शेजारच्या चौकोनात घुसलं आणि तिथलं काळंही लाल झालं. शेपटी लाल, पोटही लाल.

"सगळा काळाच करा," मालक म्हणाले. "बूड कोण बघतंय?"

"मी बघते."

"मग उद्यापर्यंत काळा करा, नाहीतर दुसरं काम शोधा."

घरी नणंद म्हणाली, "वहिनी, नमतं घे ना. पाखराच्या बुडापायी नोकरी घालवशील?"

"आज लाल सोडलं, तर उद्या मालक चित्रच नको म्हणतील," रंगारीण म्हणाली. नोकरीची भीती तिलाही वाटत होती, पण राग त्याहून मोठा होता.

सकाळी ती कपडे वाळत घालत असताना कठड्यावर बुलबुल आला. टुणकन इथून तिथे, टुणकन तिथून पुढे. ती ओला टॉवेल हातात धरून बघतच राहिली. हा कुठे सरकतोय?

कामावर पोचताच तिनं मालकांना सांगितलं, "बुलबुल सरकत नाही, उड्या मारतो. एका वेळी पूर्ण चौकोनाची उडी द्या. लाल दरवेळी अख्ख्या चौकोनातच उतरेल. नाही जमलं, तर मी चालले."

मालकांनी कुरकुरत प्रोग्राम बदलला. बुलबुल टुणटुण पडदाभर फिरला आणि लाल जागचं हललं नाही. मालक बराच वेळ त्याला उगाच नाचवत बसले. मग म्हणाले, "आणि बोक्याचं काय? तो तर सरकतच येतो."

"बोका काळाच असू द्या," रंगारीण म्हणाली. "त्याचं बूड कोण बघतंय?"