माझ्या चालीने झिजलेल्या चपला

तहसील कचेरीबाहेर बुटक्या टेबलामागे बसून अर्ज लिहिणाऱ्या माणसाला पक्षकाराच्या चेहऱ्याआधी त्याचे पाय दिसतात. वीस वर्षांच्या अनुभवाने मी पायांचा जाणकार झालो आहे, असे नम्रपणे नमूद करतो. आज आलेल्या बाईंच्या चपलेची एक टाच बाहेरून पार झिजलेली होती. मी म्हणालो, "बाई, आधी या चपला बदला. अशानं कंबर जाते."

त्या हसल्या. "भाऊ, तुम्ही अर्जाचं बघा. चपला निघतील अजून वर्षभर."

माझी पत्नीही असेच म्हणत असे. दर दसऱ्याला मी नव्या चपला घेई आणि माझ्या जुन्या ती वापरी. माझ्या वजनाने तिरक्या झालेल्या त्या चपलांवर ती आयुष्यभर तोल सावरत चालली. कंबर दुखते म्हणाली, की मी बाम आणून देत असे. तिच्या पायांकडे पाहण्याचे मला कधी सुचले नाही.

आता तिला उभे राहवत नाही. परवा मी तिच्या मापाच्या मऊ चपला आणल्या. पडल्यापडल्या तिने त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, छान आहेत. पण या घालून जाऊ कुठं?"