टाळलेला शब्द

परवा गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा वास आला आणि आणीबाणीच्या दिवसांतली एक सकाळ आठवली.

कितीतरी दिवस गप्प गप्प असलेल्या दादाला मी मनाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. घरात आम्ही मरणाचा शब्दही काढत नव्हतो. उगाच त्याच्या डोक्यात नको ते यायचं, ही भीती. डॉक्टरांनी मात्र सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

आता यांनीच हे त्याच्या मनात भरवलं, असं मला वाटलं.

"व्हय," दादा म्हणाला, आणि मग बोलतच राहिला.

परतताना गंगावेशीत आम्ही दुधाचे पेले घेतले. दादानं माझा हात धरला.

"घरात एवढं कुणीच कसं इचारलं न्हाय गं?"