ती मोटर कमलने भरली होती

मंडळी, आज दुपारी साताऱ्यात माझा सत्कार झाला. मुलींना मोटर भरायला शिकवणारी बाई म्हणून. घरी आल्यापासून मन खातंय, म्हणून लिहितेय.

साठच्या दशकात सांगलीत आमचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरायला मी वडिलांकडून शिकले. पुढे सोळा वर्षांची कमल माझ्याकडे शिकायला आली. तिच्या घरचे बौद्ध. वर्षभरात तिचं काम माझ्याहून साफ होऊ लागलं.

एकदा एका ऊसवाल्या बागायतदाराची मोटर तिने एकटीने भरली. मोटर सुरू झाली तसा तो मला म्हणाला, "बाई, तुमचा हात लय भारी हाय."

कमल शेजारीच उभी होती. तिचं नाव सांगितलं तर हे गिऱ्हाईक परत येणार नाही, असं वाटलं. मी नुसती हसले. महिन्याभरात तिने काम सोडलं.

आज कार्यक्रम संपल्यावर ती समोर आली. फलटणला तिने स्वतःचं दुकान काढलं, कितीतरी मुली तयार केल्या.

मी म्हणाले, "कमल, तेव्हा मी तुझं नाव सांगायला हवं होतं गं."

ती म्हणाली, "आवं बाई, तवा मी तुमच्या तोंडाकडंच बगत हुते."

आणि मंडळी, आज माईक हातात असतानाही मी तिचं नाव घेतलं नव्हतं.

तुमच्याकडूनही असं कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलंय का?