पाण्यात न उतरलेल्यांची नावं

"ए, तू स्टेजवर नको. नाश्त्याचं बघ."

सर हे बोलले तेव्हा माइक सुरू होता. गोंदियाच्या त्या हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. मागच्या रांगेत माझा बाप बसला होता, नवा सदरा घालून. त्यानेही ऐकलं.

सत्कार सरांचा होता. किडनी प्रत्यारोपणातले मोठे डॉक्टर. मूळचे गोंदियाचे, आता नागपुरात. मी त्यांच्या हाताखालची संशोधक डॉक्टर. परदेशी नियतकालिकात त्यांचा नवा शोधनिबंध छापून आला होता. स्वतःची किडनी देणाऱ्या बायकांचं पुढे काय होतं, हा विषय. विषय माझा. सालेकसा, देवरी, आमगाव, सगळीकडे मीच फिरले. एसटीने, कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. धानाच्या रोवणीच्या चिखलातून वर आलेल्या बायकांशी बांधावर बसून बोलले. एक म्हणाली, "पोराले किडनी देली. मंग मले कोनी पुसलाच नाही." तिचं हे बोलणं त्या निबंधात इंग्रजीत आहे. तेही मीच लिहिलंय.

छापील प्रती खुर्च्यांवर ठेवल्या होत्या. बापाला इंग्रजी येत नाही. पण माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्याला पाठ आहे. घरी भिंतीवर माझी डिग्री लावलीय, ती तो रोज बघतो. मी प्लेटा घेऊन त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा तो पानं उलटत होता.

"बाई, तुजा नाव कोटी हाय?"

मी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. आभार. तिथे टायपिस्टच्या नंतर मी.

"मंग वर हे कोन?"

"सर. आणि सरांचा मुलगा."

मुलगा अजून शिकतोय. त्या बायकांतली एकही त्याने पाहिलेली नाही.

आम्ही ढिवर. गावतळ्यातली मासोळी आम्ही पाळीवर, तळ्याच्या काठावरच वाटतो. जाळं कुणाचं का असेना, पाण्यात उतरला नाही त्याला वाटा नाही. बापाने साधंच विचारलं, "तो पोट्टा उतरला होता का पान्यात?"

माझ्या हातात समोशाच्या प्लेटा होत्या. विभागात रीतच होती: काम कुणीही करो, पहिलं नाव सरांचं. देवापुढे नैवेद्य ठेवावा तसं. त्यांच्या नावावरचे निबंध त्यांनी स्वतः किती वाचलेत, देव जाणे. रांधणारी मी, आणि वर 'हो सर, हो सर' म्हणणारीही मीच.

प्लेटा बापाच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवल्या. सर हार गळ्यात घेऊन खाली उतरत होते. त्यांच्यासमोर कधी न काढलेली गावची बोली तोंडातून निघाली.

"सर, माजा नाव काऊन नाही?"

सर हसले. "कोट्यातून डॉक्टर झालीस. आता पेपरातही कोटा पाहिजे?"

भोवतीची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "क्या बात है, सर!" मग सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "पुढच्या निबंधात घालतो तुझं नाव. शेवटी. माहिती गोळा करून ठेव."

मी त्यांचा हात बाजूला केला.

"नाही. पुढचा निबंध तुमचा नाही."

आता कुणी हसलं नाही. सर हळूच म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस."

गेले नाही. कोणी काय काम केलं, ते सगळं नियतकालिकाला कळवलंय. चौकशी करोत, नाही तर केराच्या टोपलीत टाकोत. सरांच्या एकेका फोनने नागपुरातली दारं मला बंद होताहेत, तेही कळतंय. पोटात राग आहे. तो मी निवू देणार नाही.

रोवणी लागली की पुन्हा त्याच बायकांकडे जाणार. पुढचा निबंध लिहिणार आणि त्यावर पहिलं नाव माझं असणार. सरांच्या मुलाला यायचं असेल तर त्याने खुशाल यावं, चिखलात उतरावं, त्या बायकांपुढे मान खाली घालून बसावं. नाही उतरला तर वाटा नाही. त्यालाही नाही, त्याच्या बापालाही नाही.