नावाड्याच्या घरी वाढलेलं पोरगं

आमच्या घरात एक बोलणं रूढ आहे. कोणी ऐकीव गोष्ट स्वतःची भर घालून सांगू लागला, की लहानथोर म्हणतात, "हा दादाचा सिनेमा आहे." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जाऊन बरीच वर्षं झाली. आता हे बोलणाऱ्या नातवंडांनी त्याला पाहिलेलंही नाही. त्यांच्या लेखी तो सिनेमा न कळणारा एक भोळा शेतकरी होता. तसं नव्हतं, आणि का नव्हतं ते मीच सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आर्वीला नोकरीत होतो आणि रोज आमच्या रोहण्याहून एसटीने जायचो. शेती दादा पाहायचा. आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही मी आणला, लाकडी पेटीतला, काळापांढरा. चित्र नागपूरहून यायचं आणि आमच्या गावापर्यंत येता येता दमून जायचं. घरामागे गोठ्याला लागून आम्ही उंच लोखंडी पाइप रोवला, त्यावर अँटेना बांधली, तरी पडद्यावर मुंग्याच मुंग्या. एका रविवारी अँटेना फिरवायला दादाने पाइप धरला आणि चित्र लख्ख झालं. हात काढला की पुन्हा मुंग्या.

"आलं का रे?" मागून दादा विचारायचा.

"आलं, आलं! दादा, हालू नका!"

"उलीसाक डावीकडं घ्या!"

"अबे, गेलं ना! तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?"

"दादाच्या अंगातच नागपूर हाये गड्या," कोणीतरी म्हणायचं आणि अंगणभर बसलेली माणसं हसायची.

पुढे तेच ठरून गेलं. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की दादा पाइपापाशी. कोणी कधी त्याला बदली दिली, कधी नाही. मी टीव्हीचा मालक, मी कशाला उठतो! दादा मागून आवाज ऐकायचा. गाणी ऐकून मान डोलवायचा म्हणे, वहिनीने पाहिलेलं. माणसं परतली की हात चोळत आत यायचा आणि मला विचारायचा, "मंग, काय झालं शेवटी?" मी सांगायचो.

एका रविवारी नदीकाठच्या गावाचा सिनेमा होता. नवऱ्याने टाकलेली बाई, तिचं लहान पोरगं, म्हातारा बाप, आणि शेवटी पुरात सापडलेली नाव. सुरुवातीचा सिनेमा दादाने सगळ्यांबरोबर बसून पाहिला होता, कारण त्या दिवशी चित्र बरं होतं. मग वारा सुटला आणि तो मागे गेला; त्या वाऱ्यात मागे आवाजही धड पोचत नव्हता. सिनेमा संपल्यावर आत आला. मला भूक लागली होती, डोकं दुखत होतं. म्हटलं, "नाव बुडाली. सारे मेले."

"पोरगं बी?"

"पोरगं बी."

 तो जेवायलाही नीट बसला नाही. मला गंमत वाटली. उद्या सांगू, म्हटलं. उद्या सांगितलं नाही, परवाही नाही, आणि मग विसरलो.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच घरच्या लग्नात मांडवात गप्पा चालल्या होत्या. दादा तो सिनेमा सांगत होता, आणि फार छान सांगत होता. नाव बुडते, सगळे जातात, पण पोरगं एका फळीला धरून राहतं. खालच्या गावचा नावाडी त्याला काढतो. नावाड्याला मूलबाळ नसतं. तो त्याला वाढवतो, नाव चालवायला शिकवतो. बायकाही काम थांबवून ऐकत होत्या.

आर्वीहून आलेला एक पाहुणा म्हणाला, "ओ दादा, हा सिनेमा कोन्या टॉकीजचा? आमी पाह्यला त्याच्यात नाव बुडतच नाई! शेवटी सारे भेटतात, गानं होते."

"अन् नावाडी?" दुसरा म्हणाला.

"नावाडी बहुतेक गोठ्यातून पाहा लागते!"

मांडव हसला. दादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. साक्षीदाराकडे पाहतात तसं. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

लग्नानंतरच्या रविवारपासून तो पाइपापाशी आला नाही. "मले वावरात काम हाये," म्हणायचा. संध्याकाळी वावरात कसलं काम, हे मी विचारलं नाही. आम्ही पाइपाला तार ताणून बांधली. चित्र पहिल्यासारखं कधी आलं नाही. पुढे मी आर्वीला घर केलं, टीव्ही घेऊन गेलो.

आता मी आर्वीला एकटा असतो. गेल्या हिवाळ्यात पुतणीने माझ्या मोबाइलवर जुने सिनेमे लावून दिले. "काका, तुमच्या काळचे," म्हणाली. त्यात तो नदीकाठचा सिनेमा निघाला. आठवणीत नदी केवढी मोठी होती! आता दिसलं की ती नदी नव्हेच, स्टुडिओतलं टाकं आहे, मागे रंगवलेले डोंगर आहेत. ज्या गाण्यावर अंगण डोललं होतं ते गाणं अर्ध्यात थांबवावंसं वाटलं. मी शेवटाची वाट पाहत होतो. नाव काठाला लागते, नवरा-बायको भेटतात, खलनायकाला बेड्या पडतात, गाणं होतं. आणि पोरगं? नावेत चढताना ते आजोबाच्या कडेवर असतं. उतरताना नाही. शेवटच्या गाण्यात नाही. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. सिनेमा करणारे त्याला विसरून गेले होते. आई हसत होती, आणि पोरगं कुठे आहे हे कोणी विचारत नव्हतं.

आमच्या अंगणातही कोणी विचारलं नव्हतं. मी पुढे बसून पाहिला होता, मलाही ते दिसलं नव्हतं. विचारलं फक्त त्याने, ज्याला पडदा दिसत नव्हता.

मी सकाळच्या एसटीने रोहण्याला गेलो. वहिनी ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. शेवट मी बनवला होता, मांडवात मी गप्प राहिलो, त्याची काही चूक नव्हती.

ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "त्यायले लय लागलं होतं भाऊजी. हसले त्याचं नाई. तुमी हसले त्याचं."

मी मोबाइल काढला. "वहिनी, खरा शेवट पाहता का? पोरगं खरंच—"

"ठेवा तो," ती म्हणाली. "माह्या लेकरायले मी तीच गोष्ट सांगून झोपवलं. नावाड्याच्या घरी वाढलेलं पोरगं हाये ते. आता त्याले कुठं नेता?"

मी मोबाइल खिशात ठेवला. तिने सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही बराच वेळ तूर निवडली.